‘आधी पेशंट आणा, मग सांगतो!’

नवा मोबाइल घ्यायचा तर आपण चार साइट्स पालथ्या घालतो. गोव्याचं हॉटेल दोनशे रुपयांनी स्वस्त मिळावं म्हणून अख्खा लंच टाइम घालवतो. पण रात्री दोन वाजता अपेंडिक्सने दगा दिला, तर? तेव्हा कुठल्या हॉस्पिटलचा रेट कुठे कम्पेअर करणार बॉस?

म्हणून ठणठणीत असतानाच, एका शनिवारी, मी पुण्यात घराजवळच्या तीन हॉस्पिटल्सना फोन लावले. अपेंडिक्सचं इमर्जन्सी ऑपरेशन, साधारण किती? एका ठिकाणी माझा कॉल चार टेबलं फिरून कट झाला. दुसरीकडे, ‘आधी पेशंट आणा, मग सांगतो.’ तिसरीकडे उलट प्रश्न, ‘मेडिक्लेम आहे का?’ कोथिंबिरीच्या जुडीचासुद्धा भाव आधी कळतो हो!

खरं तर २०२१च्या सुधारित नियमांनुसार महाराष्ट्रात नर्सिंग होम्सनी दरपत्रक दर्शनी भागात लावायलाच हवं. एका ठिकाणी मला ते सापडलं, कुंडीमागे. बेड, नर्सिंग, ऑक्सिजन, ओटी, डॉक्टरांची व्हिजिट... सगळे सुटे भाव. किती दिवस, किती व्हिजिट, हे कोण सांगणार? त्यात पोटात पू झालेला निघाला तर डॉक्टरांचाही अंदाज चुकणार, हे मान्य.

खरी गंमत रूममध्ये आहे. बऱ्याच हॉस्पिटल्समध्ये रूम भारी घेतली की सर्जनची फीदेखील वाढते. ऑपरेशन तेच, सर्जन तोच! आणि पॉलिसीत रूम रेंटला लिमिट असेल, तर कंपनी नुसतं जादा भाडं कापत नाही, बिलातले इतर खर्चही त्याच प्रमाणात कापू शकते. हे कळतं डिस्चार्जच्या दिवशी.

इमर्जन्सीत आधी उपचार, हे सुप्रीम कोर्टाने १९८९मध्येच सांगितलंय, खासगी डॉक्टरांनाही. धर्मादाय हॉस्पिटल्समध्ये गरीब रुग्णांसाठी २० टक्के खाटा राखीव असतात, १० मोफत, १० सवलतीत. हार्ट अटॅक असेल तर मात्र कम्पेअर वगैरे विसरा, १०८ फिरवा. ती ॲम्ब्युलन्स मोफत आहे.

बाकी होमवर्क आजच होण्यासारखं आहे: घराजवळचं कुठलं हॉस्पिटल कॅशलेस नेटवर्कमध्ये आहे, कुठे रात्रीही सर्जन मिळतो, आपलं रूम लिमिट किती. माझं पुण्याचं झालंय. पण आई-बाबा सांगलीत असतात, आणि साठी त्यांनी ओलांडलीये, मी नाही. या शनिवारी फोन तिकडे.