आरोग्य केंद्र : लोकसंख्येचे माप आणि अंतराचे माप

ग्रामीण भागात दवाखाना कोठे असावा, हा प्रश्न वरवर साधा वाटला तरी नियोजनाच्या दृष्टीने तो अवघड आहे. इमारत, डॉक्टर आणि औषधे यांची तरतूद झाली, परंतु रुग्णाला तेथवर पोहोचताच आले नाही, तर त्या तरतुदीला फारसा अर्थ उरत नाही.

१९४३ मध्ये नेमलेल्या भोर समितीने १९४६ च्या अहवालात आरोग्यसेवा खेड्यांच्या जवळ नेण्याचा आग्रह धरला होता. १९५२ पासून सामूहिक विकास कार्यक्रमाच्या अनुषंगाने प्राथमिक आरोग्य केंद्रे उभी राहू लागली. महाराष्ट्रात १९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर ग्रामीण आरोग्यसेवेचा मोठा भार त्यांनी उचलला. पुढे लोकसंख्येचे निकष ठरले : सपाट प्रदेशात ३०,००० लोकवस्तीस एक प्राथमिक आरोग्य केंद्र व ५,००० लोकवस्तीस एक उपकेंद्र; डोंगरी व आदिवासी भागात हेच आकडे अनुक्रमे २०,००० आणि ३,०००.

आदिवासी भागाला झुकते माप देणारा हा निकष न्याय्य दिसतो. तथापि थोडे गणित करून पाहावे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात दर चौरस किलोमीटरला ३६५ माणसे राहत होती, गडचिरोली जिल्ह्यात अवघी ७४. राज्याच्या सरासरीत शहरेही येतात, हे खरे. तरीही त्या सरासरीने ५,००० लोकांचे उपकेंद्र सुमारे १४ चौरस किलोमीटर क्षेत्र सांभाळते, तर गडचिरोलीतील ३,००० लोकांच्या उपकेंद्राच्या वाट्याला सुमारे ४० चौरस किलोमीटर येतात. त्यातही जंगल, नाले आणि विखुरलेले पाडे! पर्लकोटा नदीच्या पुराने भामरागडचा संपर्क वर्षानुवर्षे तुटत आला आहे. अशा वेळी नकाशावरील अंतराला काही किंमत राहत नाही.

या अडचणीवर योजलेल्या उपायांपैकी ‘माहेरघर’ योजना विशेष विचारात घेण्याजोगी आहे. दुर्गम आदिवासी भागातील गर्भवती स्त्रीने बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेपूर्वी काही दिवस आरोग्य केंद्राच्या आवारात येऊन राहावे, अशी ही व्यवस्था. सोबत लहान मूल व एखादा नातेवाईक राहू शकतो. जेवणाची सोय असते आणि बुडीत मजुरीचाही विचार केलेला आहे. यातील शेवटची बाब गौण नव्हे. घरी दुसरे लेकरू आणि हातावर पोट असलेली बाई केवळ उपदेशाने घर सोडून येत नाही. नंदुरबार जिल्ह्यात सरदार सरोवराच्या जलाशयाकाठच्या वस्त्यांसाठी तर दवाखानाच बोटीवर चढविण्यात आला.

दुसरा मार्ग सेवाच घरी नेण्याचा. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतील ३९ गावांत गावच्याच स्त्रियांना नवजात बालकांची काळजी घेण्याचे शिक्षण दिले. बाळाचे वजन करणे, त्याला उबदार ठेवणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून उपचार करणे ही कामे त्या करीत. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्युदर तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटला होता. पुढे २०११ मध्ये आशा कार्यकर्त्यांमार्फत घरोघरी नवजात काळजीचा कार्यक्रम देशभर स्वीकारण्यात आला. प्रसूती रुग्णालयात झाली असली तरी बाळाच्या पहिल्या ४२ दिवसांत आशाने सहा भेटी द्याव्यात, घरी झाली असल्यास सात, असे त्यात ठरले.

पंचायत सदस्यांचे काम येथे सुरू होते. उपकेंद्राला पाणी नाही, निवासस्थानाला दार नाही, अशा ठिकाणी परिचारिका रात्री थांबणार कशी? ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीसाठी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने वार्षिक १०,००० रुपयांच्या अबंधित निधीची तरतूद केली होती. एवढ्या रकमेत इमारत उभी राहत नाही, पण अडल्या वेळी रुग्णाला हलविण्याचा खर्च निभावू शकतो. शिवाय एका कामाला निधीची गरजच नसते. ज्या स्त्रियांच्या बाळंतपणाच्या तारखा जून ते सप्टेंबरमध्ये येतात, त्यांची पाडानिहाय यादी आशा व परिचारिकेसह मे महिन्यातच करता येते आणि नाल्यापलीकडील कोणाला केव्हा हलवायचे, हे पाऊस सुरू होण्यापूर्वी ठरविता येते.