शाळेचं स्विमिंग: तो फॉर्म कोरा ठेवू नका

आजचा भाग आयर्लंडमधल्या मराठी घरांसाठी आहे, पण पोहता न येणाऱ्या कुणालाही उपयोगी पडेल. ऐकायला वेळ नसेल तर हा लेखी मजकूर वाचा.

मी डब्लिनमध्ये सॉफ्टवेअरमध्ये आहे. ताई, दाजी आणि भाचा इथंच राहतात. भाचा कॅथलिक प्राथमिक शाळेत सेकंड क्लासला आहे, म्हणजे साधारण आठ वर्षांचा. शाळेतून स्विमिंगच्या परवानगीचा फॉर्म आला आणि तो आठवडाभर फ्रिजवर मॅग्नेटखाली तसाच. दाजी म्हणाले, "सर्दी होईल." ताई म्हणाली, "आपल्या घरात कुणालाच पोहता येत नाही, याला कशाला पाण्यात घालायचं?" माझं म्हणणं नेमकं उलटं होतं. कुणालाच येत नाही, म्हणूनच याला घालायचं.

आधी शाळेचं गणित समजून घेऊ. इथल्या दर दहा प्राथमिक शाळांपैकी जवळपास नऊ कॅथलिक आहेत. 'कॅथलिक' म्हणजे शाळेचा पेट्रन सहसा तिथला बिशप असतो. शिक्षकांचे पगार मात्र सरकार देतं आणि गणित, इंग्रजी, शारीरिक शिक्षण यांचा अभ्यासक्रमही सरकारचाच. कारभार बोर्ड ऑफ मॅनेजमेंट बघतं, त्यात पालकांनी निवडून दिलेले दोन पालकही असतात. २०१८ च्या प्रवेश कायद्यानंतर जागा कमी पडल्या तरी कॅथलिक प्राथमिक शाळेला बाप्तिस्म्याच्या आधारावर मुलं निवडता येत नाहीत. धर्माच्या तासाला न बसण्याचा हक्क तर राज्यघटनेतच आहे.

आता स्विमिंग. १९९९ च्या अभ्यासक्रमात शारीरिक शिक्षणाचे सहा भाग होते: अॅथलेटिक्स, नृत्य, जिम्नॅस्टिक्स, खेळ, मैदानी साहस आणि पाण्यातले प्रकार. म्हणजे पोहणं हा हौसेचा क्लास नाही, शिक्षणाचाच भाग आहे. अडचण एवढीच, की बहुतेक शाळांकडे स्वतःचा पूल नसतो. मग काही आठवडे, आठवड्यातून एकदा, अख्खा वर्ग बसमध्ये बसून जवळच्या लेझर सेंटरला जातो. बसचे आणि पुलाचे पैसे बहुतेक ठिकाणी पालकच भरतात. पेरेंट्स असोसिएशन केक सेल वगैरे करून काही भार उचलते.

तिथं शिकवतात काय? सुरुवातीला हात-पाय मारणं नाहीच. तोंड पाण्यात घालून बुडबुडे काढायचे, मग पाठीवर तरंगायचं. यामागचं विज्ञान सोपं आहे. माणसाच्या शरीराची घनता पाण्याच्या जवळपास असते आणि फुप्फुसं हवेनं भरली की बहुतेकांचं शरीर पाण्यापेक्षा किंचित हलकं होतं. पण घाबरलेला माणूस हात वर करतो. पाण्याबाहेर आलेल्या हातांचं वजन पाणी पेलत नाही, ते शरीरावरच येतं आणि डोकं खाली जातं. ओरडायला श्वासही उरत नाही. म्हणून खरं बुडणं सिनेमासारखं आरडाओरड्याचं नसतं, बऱ्याचदा ते शांत असतं.

त्यात इथलं पाणी गार. डब्लिनच्या समुद्राचं तापमान भर उन्हाळ्यातही १५ अंशांच्या आसपास असतं. अशा पाण्यात अचानक पडलं की आपोआप मोठा दचका श्वास घेतला जातो आणि छाती जोरजोरात धापा टाकते. हा झटका पहिल्या मिनिट-दीड मिनिटात ओसरू लागतो. तेवढा वेळ पोहण्याची धडपड करायची नाही. डोकं मागे, कान पाण्यात, तोंड वर, हात हलकेच हलवत तरंगायचं. आरएनएलआय ही जीवरक्षक संस्था हेच शिकवते. श्वास ताब्यात आला की मग मदतीला हाक मारायची किंवा काठाकडे जायचं. आणि काठावर तुम्ही असाल, तर उडी मारू नका. ११२ किंवा ९९९ फिरवा, कोस्ट गार्ड मागा, तरंगणारी वस्तू फेका.

आपल्याकडे हे ज्ञान नव्हतं असं मुळीच नाही. गावाकडं पाठीला वाळलेला भोपळा किंवा पांगाऱ्याचा बिंडा बांधून पोरांना विहिरीत ढकलत. ती शाळाच होती. आपण शहरात, फ्लॅटमध्ये वाढलो आणि ती सुटली. ताईची भीती पाण्याची आहे, पण तिला माहीत नसलेल्या पाण्याची.

दुसरा मुद्दा शाळेतल्या सोबतीचा. सेकंड क्लास म्हणजे फर्स्ट कम्युनियनचं वर्ष. वर्गाची तयारी, गाण्यांचा सराव सगळा त्याभोवती चालतो. भाचा त्यात नाही, तेवढा वेळ तो मागे बसून चित्रं काढतो. कुणी त्याला वाईट वागवत नाही, तरी आपण बाजूला आहोत हे आठ वर्षांच्या पोराला कळतंच. स्विमिंगला असं काही नाही. तीच बस, तीच टोपी, तेच बुडबुडे. त्यातूनही आपणच त्याला बाहेर ठेवलं, तर ते बाजूला बसणं आपण वाढवलं.

पालकांचंही तसंच. बसमधून सोबत जायला शाळा बऱ्याचदा मदतनीस शोधते. मुलांसोबत नियमित काम करायचं तर गार्डा व्हेटिंग लागतं, म्हणजे पोलिसांकडून होणारी तपासणी. अर्ज शाळेमार्फतच करायचा. वेळ लागू शकतो, म्हणून सप्टेंबरमध्येच विचारा. शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर वर्षभर नुसते अंगठे दाखवण्यापेक्षा दोन गुरुवारी बसमध्ये बसलात, तर चार घरांशी नावानिशी ओळख होते.

तर फॉर्म भरताना एवढं बघा:

– दमा, फिट्स, कानाचा त्रास असेल तर स्पष्ट लिहा आणि आधी डॉक्टरांना विचारा.
– टोपी, टॉवेल, कपडे, सगळ्यावर नाव घाला. स्वतः कपडे बदलण्याचा घरी सराव करून घ्या.
– पैशांची अडचण असेल तर मुख्याध्यापकांशी खासगीत बोला. मूल परस्पर घरी ठेवू नका.
– शाळेत स्विमिंग नसेल तर 'पॉज' कार्यक्रमाबद्दल विचारा. वॉटर सेफ्टी आयर्लंडचे पाणी-सुरक्षेचे हे धडे वर्गातही शिकवता येतात.

आणि एक लक्षात ठेवा. आठ-दहा तासांत मूल पोहण्यात तरबेज होत नाही. समुद्रावर, तळ्यावर मोठ्या माणसाची नजर हवीच, मोबाइल खिशात ठेवून.

ताईनं शेवटी सही केली. दाजींनी व्हेटिंगचा अर्ज मागवलाय. आणि मी? लेझर सेंटरमध्ये मोठ्यांच्या, एकदम नवशिक्यांच्या बॅचला नाव घातलंय. तुमच्या घरी असा कोरा फॉर्म पडला असेल, तर हा भाग त्यांना पाठवा. भेटू पुढच्या भागात!