कापूर, कागद आणि माऊसपॅड

देवघरातील कापराची डबी आठवा. झाकण नीट न लावता ती आठ-दहा दिवस तशीच राहिली, तर वड्या लहान झालेल्या दिसतात. आई म्हणते, "कापूर उडाला." डबीत ओल नसते, कापूर वितळल्याची खूणही नसते. कपड्यांच्या ट्रंकेत ठेवलेल्या डांबरगोळ्यांचीही तीच गत. स्थायू पदार्थ द्रव न होता एकदम वायुरूप होतो, या क्रियेला संप्लवन म्हणतात, हे तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचलेच आहे.

याच संप्लवनावर आज गावोगावच्या लहान दुकानांचा धंदा चालतो. कपावर छायाचित्र, खेळाडूंच्या बनियनवर नाव आणि क्रमांक, संगणकाच्या माऊसखालच्या चटईवर, म्हणजे माऊसपॅडवर, शाळेचे बोधचिन्ह. ही कामे बहुधा 'सब्लिमेशन' पद्धतीने होतात. सब्लिमेशन म्हणजेच आपले संप्लवन.

रत्नागिरीत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने कर्ज काढून असे दुकान टाकले आहे. एका जुलै महिन्यात त्याचा फोन आला. "सर, एका शाळेच्या समारंभासाठी साठ माऊसपॅड द्यायचे आहेत. पहिले बारा बिघडले. तापमान वाढवले, वेळ वाढवला, दाब वाढवला; जितके करावे तितके वाईटच होते आहे. परवा माल द्यायचा आहे." मी त्याला म्हटले, "अरे, आधी हात थांबव. मी येतो." त्या संध्याकाळी आम्ही जे केले, ते तुम्हाला सांगण्यासारखे आहे.

पण आधी छपाई कशी होते ते पाहू. चित्र प्रथम कागदावर छापतात आणि तेही उलटे, आरशात दिसावे तसे. कारण पुढे कागद पालथा घालायचा असतो. हे विसरले की शाळेचे नाव उलटे उमटते! छपाईच्या शाईत पाण्यात मिसळलेले रंगाचे अतिसूक्ष्म कण असतात. मग कागद पॅडवर पालथा ठेवून 'हीट प्रेस' नावाच्या यंत्रात दाबतात. यंत्राची वरची प्लेट साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेली असते. माऊसपॅडला पाऊण ते एक मिनिट पुरते. तेवढ्यात कागदावरचा रंग वायुरूप होतो आणि पॅडच्या कापडात शिरतो.

शिरतो म्हणजे नेमके काय होते? माऊसपॅडचा वरचा पदर पॉलिस्टरचा आणि खालचा रबराचा असतो. पॉलिस्टरचा धागा १९४१ मध्ये इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी प्रथम तयार केला. तुमच्या आजोबांनी हौसेने वापरलेला टेरिलीनचा शर्ट याच धाग्याचा. त्यातील लांबलचक रेणू नेहमीच्या तापमानाला एकमेकांत घट्ट अडकलेले असतात. साधारण ७० ते ८० अंशांच्या वर ते सैल होऊन वळवळू लागतात आणि त्यांच्यामध्ये फटी पडतात. वायुरूप रंगाचे रेणू या फटींत विसरणाने शिरतात. कापड थंड झाले की फटी मिटतात आणि रंग आत कोंडला जातो. म्हणून हा रंग नखाने खरवडून निघत नाही. सुती कापडात मात्र अशी सोय नसते. त्यावर उमटलेला रंग एक-दोन धुण्यांत फिका पडतो.

आता माझ्या विद्यार्थ्याचे दुःख तुमच्या ध्यानात येईल. बिघडलेला पॅड पुसून पुन्हा वापरता येत नाही, कारण रंग धाग्याच्या आत गेलेला असतो. बारा पॅड म्हणजे बारा पॅडांचे पैसे बुडाले.

मी ते पॅड टेबलावर ओळीने मांडले. त्यांवर दोन प्रकारचे दोष दिसत होते. जागोजागी ढगांसारखे फिके-गडद डाग होते, आणि एक कोपरा सर्वच पॅडांवर फिका होता. त्याने तापमान, वेळ आणि दाब ही तिन्ही एकदम बदलली होती. त्यामुळे कशाचा काय परिणाम झाला, हे कळायला मार्गच उरला नव्हता. मी म्हटले, "आता एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बाकी सर्व पहिल्यासारखे ठेव."

पहिला संशय पाण्यावर घेतला. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जुलैत हवेची सापेक्ष आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास असते. मिठाच्या बरणीला पाणी सुटते, पापड मऊ पडतात. मग कागद कसा कोरडा राहील? नेहमीच्या हवेत पॉलिस्टर आपल्या वजनाच्या अर्धा टक्काही पाणी धरत नाही. सुती कापड मात्र आठ टक्के धरते. कागद हा कापसाचा सख्खा भाऊ, दोघेही सेल्युलोजचे बनलेले. पावसाळ्यात उघड्यावर पडलेल्या कागदात दहा टक्क्यांच्या आसपास पाणी सहज मुरते.

आता थोडे गणित करू. छपाईच्या एका ए-४ कागदाचे वजन सुमारे ६ ग्रॅम धरा. त्याचा दहावा भाग ०.६ ग्रॅम, एवढे पाणी त्यात आहे. एक ग्रॅम पाण्याची १०० अंशांना सुमारे १.७ लिटर वाफ होते. म्हणजे एका कागदातून सुमारे एक लिटर वाफ! वर गरम प्लेट, खाली रबर. मग ही वाफ जाणार कुठे? वाट काढताना ती कागदाला ठिकठिकाणी उचलते आणि रंगाच्या वायूला इकडे तिकडे ढकलते. ढगांसारखे डाग यामुळेच पडत असावेत, असा आमचा तर्क होता.

तर्क प्रयोगाने पडताळायचा. आम्ही एकाच गठ्ठ्यातून दोन कोरे कागद घेतले. एक प्रेसखाली काही सेकंद धरून वाळवला, दुसरा तसाच ठेवला. दोन्हींवर एकच चित्र छापले. शाईतही पाणी असतेच, म्हणून दोन्ही कागद पंख्याखाली सारखाच वेळ वाळवले. तापमान, वेळ आणि दाब तेच ठेवले. वाळवलेल्या कागदाचा पॅड जवळजवळ स्वच्छ निघाला, दुसऱ्यावर पूर्वीसारखे ढग! पुढच्या वेळी कोरा पॅडही छपाईआधी पाच सेकंद प्रेसखाली धरला, तेव्हा उरलेसुरले डागही गेले.

छापलेला कागद मात्र असा प्रेसखाली वाळवू नये, हे ध्यानात ठेवा. त्यावरचा रंग तिथेच उडून जाईल.

फिका कोपरा अजून बाकी होता. दोष पॅडाचा की यंत्राचा? यासाठी एक सोपी युक्ती केली. पुढचा पॅड आणि कागद मिळून अर्धा फेरा फिरवून ठेवले. दोष पॅडात किंवा चित्रात असता, तर फिका भाग त्यांच्याबरोबर फिरला असता. पण तो यंत्राच्या मागच्या डाव्या बाजूलाच राहिला. म्हणजे दोष यंत्राचा. मग प्रयोगशाळेतून आणलेला थर्मोकपल प्लेटला लावून पाहिला. मध्यभागी १९० अंश, तर त्या कोपऱ्यात १७४ अंश. यंत्राच्या काचेवरचा आकडा खोटा नव्हता, पण तो फक्त एका जागेचे तापमान सांगत होता.

सोळा अंशांनी एवढा फरक कसा पडतो, असे तुम्ही विचाराल. तापमान वाढते तसा रंगाचा बाष्पदाब सरळ प्रमाणात वाढत नाही. तो फार झपाट्याने वाढतो. म्हणून थोड्या अंशांची तूटही डोळ्यांना दिसते. उपाय साधा होता. लहान पॅड त्या कोपऱ्यापासून दूर, प्लेटच्या मधोमध ठेवायचे. यंत्राची दुरुस्ती समारंभानंतर.

विजेचा दाब कमी असतानाही अशीच अडचण येते. तापकाची शक्ती विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. २३० व्होल्टऐवजी १८० व्होल्ट मिळाले, तर शक्ती सुमारे ६१ टक्केच उरते. प्रत्येक थंड पॅडानंतर प्लेट पुन्हा तापायला वेळ लागतो. घाईने पुढचा पॅड घातला की तो फिका निघतो.

आणखी दोन दोष नेहमी भेटतात. अक्षरांना दुहेरी सावली पडते, ती प्रेस उघडताना कागद सरकल्यामुळे. दाब सुटताच रबर फुगते, कागदाला झटका बसतो आणि अजून गरम असलेला रंग शेजारी उमटतो. यासाठी उष्णता सोसणारी टेप लावून कागद पक्का करतात, प्रेस हळू उघडतात आणि कागद एका दमात उचलतात. बारीक पांढरे ठिपके दिसले, तर कापडावर धूळ किंवा तंतू होते असे समजावे. रंग त्या तंतूवर गेला, कापडापर्यंत पोहोचलाच नाही. छपाईआधी पॅड ब्रशने झटकला की झाले.

त्या रात्री उशिरापर्यंत बसून विद्यार्थ्याने साठ चांगले पॅड पुरे केले. बारा पॅडांचे नुकसान त्याने नफ्यातून सोसले. कागद आता तो घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो. भिंतीवर त्याने एक वही टांगली आहे. प्रत्येक कामाचे तापमान, वेळ, दाब आणि त्या दिवशीची हवा तो तीत लिहितो. महाविद्यालयात असताना प्रयोगवही लिहायचा त्याला फार कंटाळा होता!

तुम्हीही एक प्रयोग करा. पावसाळ्यात वर्तमानपत्रांच्या रद्दीचा छोटा गठ्ठा चांगल्या तराजूवर तोला. मग उघडीप मिळताच त्याचे कागद सुटे करून कडक उन्हात चार तास वाळवा आणि पुन्हा लगेच तोला. वजनातला फरक म्हणजे कागदात लपलेले पाणी. तो किती टक्के येतो ते काढा. हिवाळ्यात हाच प्रयोग पुन्हा करा आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून ठेवा. शिक्षकांनी वर्गातील मुलांचे आकडे फळ्यावर मांडले, तर किनाऱ्यावरच्या आणि घाटाकडच्या गावांत फरक पडतो का, हेही पाहता येईल.