टेकडीवरचे गवत

पावसाळ्यातल्या रविवारी वेताळ टेकडीवर रोपे आणि कुदळी घेऊन माणसे येतात. त्यांच्या श्रमांचे मोल मी जाणतो. माझा प्रश्न खड्डा कुठे घ्यायचा, एवढाच आहे. ही टेकडी उजाड नव्हे. काळ्या कातळावर वीतभर मुरूम, त्यावर कुसळी गवत, मधूनमधून सालई, मोई, गणेर अशी पानगळीची झाडे, हीच तिची मूळ घडण. टिटवी आणि चंडोल अशा मोकळ्या जमिनीवरच अंडी घालतात. झाडी दाटली की त्यांची जागा गेली.

वनीकरणात आलेला गिरिपुष्प मूळचा मध्य अमेरिकेचा. लोक त्याला उंदीरमारी म्हणतात. ग्लिरिसिडिया या नावाचा अर्थही जवळपास तोच! मुळांवरच्या गाठींमुळे तो जमिनीतला नत्र वाढवतो. शेताला ते हवेच, पण निकस मुरमावर त्याने तणांचे फावते. शिवाय तोडला तरी बुंध्यातून पुन्हा फुटतो. म्हणून स्वयंसेवकांनी नव्या खड्ड्यांऐवजी हे फुटवे दरवर्षी काढावेत, मोकळ्या जागी सालई-मोई लावावी, आणि गवताचे बी झडेपर्यंत त्याला विळा लावू नये. वणव्यासाठी जाळरेषा मात्र उन्हाळ्याआधी हवीच.