संगणक झोपतो, धंदा अडतो

गल्ल्यावर एक संगणक, गोदामात दुसरा. हिशेबाचा सारा डेटा गल्ल्यावरच्या संगणकात. गोदामातला मुनीम आपल्या संगणकावरून केबलमार्फत त्यातच मालाची नोंद करतो. अनेक व्यापारी बांधवांकडे अशीच व्यवस्था असते. दुपारी जेवणासाठी किंवा जुम्म्याच्या नमाजसाठी काम तासभर थांबते आणि परत आल्यावर गोदामातून हाक येते, "सेठ, कनेक्शन गेलं!"

गल्ल्यावरचा माऊस हलवला की सर्व पूर्ववत सुरू होते. पण अर्धवट राहिलेली नोंद गेलेली असते. कागदावरचा साठा आणि गोदामातला माल जुळत नाही. मेकॅनिक कार्ड बदलतो, केबल बदलतो. चार दिवसांनी पुन्हा तेच. खरे म्हणजे पुष्कळदा काहीच बिघडलेले नसते. संगणक वीज वाचवत असतो.

तेव्हा खर्च करण्यापूर्वी दोष कोठे आहे ते पाहावे. कनेक्शन गेल्यावर लगेच काही हलवू नये. गल्ल्यावरच्या संगणकाचा पंखा थांबला असेल तर तो झोपी गेला आहे असे समजावे. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'सिस्टीम' आणि त्यात 'पॉवर' उघडून 'स्लीप'ची वेळ 'नेव्हर' करावी. स्क्रीन बंद होण्याची वेळ मात्र तशीच ठेवावी. केवळ स्क्रीन बंद झाल्याने कनेक्शन तुटत नाही आणि वीजही वाचते.

संगणक जागा असूनही कनेक्शन जात असेल तर नेटवर्क कार्डाकडे वळावे. स्टार्ट बटणावर माऊसचे उजवे बटण दाबून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडावे. 'नेटवर्क अडॅप्टर्स'मधील आपल्या कार्डाच्या 'पॉवर मॅनेजमेंट' पानावर वीज वाचविण्यासाठी हे कार्ड बंद करण्याची मुभा संगणकाला दिलेली असते. ती बरोबरची खूण काढून टाकावी. काही संगणकांत हे पान दिसत नाही. तेथे 'अ‍ॅडव्हान्स्ड' पानावर 'एनर्जी एफिशियंट इथरनेट' किंवा 'ग्रीन इथरनेट' असल्यास ते बंद करून पाहावे. हे काम दोन्ही संगणकांवर करावे.

तिसरे कारण फार थोड्यांना ठाऊक असते. डेटा ठेवणारा विंडोज संगणक, १५ मिनिटे कोणी काही मागितले नाही तर समोरच्याचे कनेक्शन स्वतःच सोडतो. मुनिमाला ड्राइव्हवर लाल फुली दिसते. क्लिक करताच तो उघडतो. हा बिघाड नव्हे, पण हिशेबाची काही जुनी सॉफ्टवेअर तेथे अडखळतात. मेकॅनिकला 'ऑटोडिस्कनेक्ट' बंद करायला सांगावे. एका आज्ञेचे काम आहे.

एका वेळी एकच बदल करावा आणि वहीत तारीख टाकून लिहून ठेवावा. म्हणजे गुण कशाने आला ते कळते. एवढे करूनही कनेक्शन तुटले तर मग केबल तपासावी. नेहमीची तांब्याची नेटवर्क केबल १०० मीटरपर्यंतच भरवशाची असते. गोदाम त्याहून दूर असेल तर मध्ये स्विच लागतो.

दुकान वाढवताना संगणक पूर्ण बंद करावा आणि त्यापूर्वी त्या दिवसाच्या हिशेबाची नक्कल पेन ड्राइव्हवर घ्यावी. आणि जागेवरून उठताना, पाच मिनिटांसाठी का असेना, हातातली नोंद पूर्ण करूनच उठावे. वहीच्या काळातही आपले वडीलधारे हेच सांगत होते.