हिरवी रेघ

२९ ऑगस्ट १८६४ ची रात्र. लंडनच्या दक्षिणेला टल्स हिल भागातल्या आपल्या वेधशाळेत विल्यम हगिन्स यांनी दुर्बिणीला वर्णपटदर्शक जोडला आणि ती कालेय तारकासमूहातल्या एका तेजोमेघाकडे वळवली. आज हा तेजोमेघ ‘मांजराचा डोळा’ म्हणून ओळखला जातो. ताऱ्याच्या प्रकाशात दिसतो तसा रंगांचा सलग पट्टा काही दिसला नाही. दिसली ती एकच हिरवी रेघ. लोलक जागचा हलला की काय, अशी त्यांना शंका आली. पुन्हा निरखून पाहिल्यावर आणखी दोन फिकट रेघा सापडल्या. समोर ताऱ्यांचा पुंजका नव्हता, चमकणारा वायू होता.

मीठ घातलेली आमटी उतू गेली की शेगडीची निळी ज्योत पिवळीधमक होते. तो रंग मिठातल्या सोडियमचा. प्रत्येक मूलद्रव्याचे रंग असे ठरलेले असतात. पण ही हिरवी रेघ कुणाशीच जुळेना, म्हणून ‘नेब्युलियम’ नावाचं मूलद्रव्य कल्पिलं गेलं. अखेर १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी उलगडा केला: रेघ ऑक्सिजनचीच, पण दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या.

मग ती पृथ्वीवर का दिसत नव्हती? या गोष्टीतला मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो हाच भाग. इलेक्ट्रॉनची धडक बसून उत्तेजित झालेल्या या आयनाला ५००.७ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश सोडायला सरासरी अर्धं मिनिट लागतं. आपल्याभोवतीच्या हवेत एकेका रेणूला सेकंदाला अब्जावधी टकरा बसतात. तिथे अर्ध्या मिनिटाची उसंत कुठून मिळणार? दुसरी धडक बसते आणि प्रकाश व्हायच्या आतच ऊर्जा निघून जाते. तेजोमेघात घनसेंटीमीटरमागे इलेक्ट्रॉन असतात जेमतेम काही शे किंवा काही हजार. ती रेघ ठळक दिसते, कारण तिथे जवळजवळ काहीच नाही.

हीच युक्ती पुढे मोजमापाला आली. गंधकाच्या आयनाच्या ६७१.६ आणि ६७३.१ नॅनोमीटरच्या दोन लाल रेघा शेजारी शेजारी असतात. विरळ वायूत पहिली ठळक असते. वायू दाट झाला की तिचा जोर ओसरतो, कारण तिच्या आयनाला प्रकाश सोडायला जास्त वेळ लागतो आणि धडक त्याला आधीच गाठते. दोन रेघांची तुलना केली की घनता कळते.

तापमानासाठी पुन्हा ऑक्सिजनच. त्याची ४३६.३ नॅनोमीटरची जांभळट रेघ उमटवायला जास्त जोराची धडक लागते. हिरव्या रेघेच्या मानाने ती जितकी उजळ, तितका वायू तापलेला. बहुधा दहा हजार अंशांच्या आसपास. ऑक्सिजन प्रकाश सोडून वायूला थंड करतो. त्यामुळे जिथे तो कमी, तिथला वायू जास्त गरम आणि ही रेघ जास्त स्पष्ट.

२०२२ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीला हीच रेघ १३१० कोटी वर्षांपूर्वी एका दीर्घिकेतून निघालेल्या प्रकाशात सापडली. विश्व प्रसरण पावत गेल्यामुळे ती वाटेत ताणली जाऊन अवरक्त झाली होती आणि हिरवी रेघही तशीच ताणली गेली होती. दोघींच्या तेजाचं गुणोत्तर मात्र वाचता येत होतं. त्यावरूनच त्या कोवळ्या दीर्घिकेत ऑक्सिजन किती तुटपुंजा होता, ते मोजता आलं.