उंबरठ्यावरील दोन मुखे

बीडजवळच्या नवगण राजुरीस ज्यांचे जाणे झाले असेल, त्यांस तेथील गणपतीचे वैशिष्ट्य सांगावयास नको. चार दिशांस मुखे केलेल्या चार गणेशमूर्ती तेथे एकत्र आहेत. भक्ताने कोणत्याही बाजूने यावे, देव त्याच्याकडे पाहतच असतो. गणपतीच्या पाठीशी दारिद्र्य असते, असे आपल्याकडील वडीलधारी मंडळी सांगतात. म्हणून पुष्कळ घरांत दाराच्या चौकटीवर बाहेरून एक गणपती बसविला, की त्याच्या पाठीला पाठ लावून आतून दुसरा बसवितात. एक येणाऱ्याकडे पाहतो, दुसरा जाणाऱ्याकडे.

ही जोडी पाहिली म्हणजे प्राचीन रोमन लोकांच्या यानुस देवाची आठवण होते. इंग्रजीत यालाच जेनस म्हणतात. हा द्वाराचा देव. मस्तक एक, मुखे दोन. एक पुढे पाहणारे, दुसरे मागे. राजुरीप्रमाणे चार मुखांचा यानुसही रोमन लोकांस ठाऊक होता. कोणत्याही प्रार्थनेत पहिले नाव त्याचे, देवाधिदेव ज्युपिटरचेही त्यानंतर. जानेवारी हा त्याचाच महिना, आणि इ. स. पूर्व १५३ पासून रोमचे कॉन्सल त्या महिन्याच्या पहिल्या तारखेस अधिकारावर येऊ लागले. एवढ्याने रोमन मनाचे समाधान झाले नाही. दाराच्या फळ्यांचा देव निराळा, बिजागरीची देवी निराळी, उंबरठ्याचा देव आणखी निराळा! माणसाच्या घराला एक द्वारपाल पुरतो, मग येथे तीन देव कशाला, अशी थट्टा पुढे ख्रिस्ती संत ऑगस्टीन याने केली. आमच्या वाड्याची दिंडी रात्री कशी करकरते हे त्याने ऐकले असते, तर निदान बिजागरीच्या देवीस त्याने वगळले असते.

रोमच्या चौकातील यानुसच्या देवळाची दारे युद्धकाळी उघडी आणि शांतताकाळी बंद असत. सम्राट ऑगस्टस आपल्या आत्मवृत्तलेखात अभिमानाने सांगतो की, नगर वसल्यापासून आपल्या जन्मापर्यंत ती दोनदाच मिटली होती. आपल्या कारकीर्दीत मात्र सिनेटने ती तीनदा मिटण्याचा ठराव केला. शेकडो वर्षांत दोनदा! घरातील कर्ता मुलगा लांबच्या प्रवासास निघाला, की त्याच्या पाठीवर लगेच दार लावू नये, असे मानणाऱ्या आपल्या बायकांस या उघड्या दाराचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.

सर विल्यम जोन्स यांनी १७८४ साली लिहिलेल्या एका निबंधात यानुस व गणेश यांची सांगड घातली. तेव्हापासून दोघांचे मूळ एकच, असे म्हणण्याचा मोह आपल्या विद्वानांसही होतो. तो आवरलेला बरा. गजमुख गणेशाची पूजा आपल्याकडे ठळकपणे दिसू लागते ती इसवी सनाच्या चौथ्यापाचव्या शतकाच्या सुमारास. द्विमुख यानुस रोमच्या नाण्यांवर त्याच्या कित्येक शतके आधी आहे. नात्याचाच धागा हवा असेल, तर तो देवात नसून शब्दात आहे. यानुस या नावाचे मूळ ‘जाणे’ या अर्थाच्या धातूत आहे, आणि संस्कृतातील ‘याति’ व ‘यान’ हे शब्द त्याच घराण्यातील.

आमच्या जुन्या घरी बाहेरच्या गणपतीस शेंदूर, दूर्वा, जास्वंद सारे मिळे. आतल्याकडे सहसा कोणी पाहत नसे. परंतु नोकरीसाठी परगावी निघताना आईने हातावर दही घातले, ते चाखून मान वर केली, तेव्हा समोर होता तो हाच.